छापखानेवाले जेवायला येतात

रविवारी साडेबाराला बोलावलेले छापखानेवाले सव्वाबारालाच दारात येऊन उभे राहिले, आणि दार उघडायला नेमकी डॉक्टर गेली.

छापखानेवाल्यांच्या हातात फुलं होती. डॉक्टरला पाहताच ती त्यांनी पाठीमागे लपवली, जणू कुणाच्या बागेतून तोडून आणली होती.

"डॉक्टरबाई, तुम्ही इथं? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. हे माझं घर आहे," डॉक्टर हळूच म्हणाली.

"हो ना, फारच गरम," छापखानेवाले घाम पुसत हसले. "पायी आलो, त्यामुळे जास्तच जाणवलं."

डॉक्टरनं मागे वळून पाहिलं. आत्या ताटल्या मांडत होती, भाऊ खुर्च्या ओढत होता, आई अजून आतल्या खोलीत आरशासमोर होती. डॉक्टर छापखानेवाल्यांच्या उजव्या बाजूला गेली आणि कानाशी म्हणाली, "तुम्ही जिच्यासाठी आलात ना, ती माझी आई आहे."

हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं.

"तुमची आई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे गेल्या मंगळवारी मी तुम्हाला तिच्याबद्दल जे जे सांगितलं..."

"मला काही आठवत नाही," डॉक्टर म्हणाली.

आठवत सगळं होतं. तीन आठवड्यांपूर्वी हे गृहस्थ तिच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, तेव्हा चाळीस वर्षं यंत्रावर काम केलं, यंत्र डाव्या हाताला असायचं, एवढंच म्हणाले होते. कसलं यंत्र हे विचारायचं तिच्याकडून राहून गेलं. तिनं तपासलं, कानांची चाचणी करून आणायला सांगितलं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. कानाला मशीन लावा, असं गेल्या मंगळवारी तिनं सांगितलं तर त्यांनी साफ नकार दिला. का, तर त्यांना लग्न करायचं होतं. आणि मग पेशंटच्या खुर्चीत बसून त्यांनी दहा मिनिटं त्या बाईचं वर्णन केलं. हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते. "बिचारीच्या घरी सगळे बोलतात, डॉक्टर, ऐकत कुणीच नाही. म्हातारा सासरा आहे, तो जुन्याच गोष्टी उगाळतो. नणंद येते ती नुसते हुकूम सोडते. मुलांना वेळ नाही. ती म्हणते, तुमच्यासारखं माझं आजवर कुणी ऐकलंच नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

त्या घरातल्या लोकांचा डॉक्टरला तेव्हा चांगलाच राग आला होता.

"मी कुणाला सांगणार नाही," ती आता भराभर म्हणाली. "तुम्ही माझे पेशंट आहात हेसुद्धा नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. तोवर आपण एकमेकांना ओळखत नाही."

छापखानेवाल्यांनी मान डोलावली. तेवढ्यात आई बाहेर आली. निळी साडी, कपाळावर चष्मा.

"आलात?" ती म्हणाली. "ही माझी मुलगी."

"या डॉक्टरबाईंना मी अजिबात ओळखत नाही," छापखानेवाले ठासून म्हणाले.

आई म्हणाली, "होईल हो ओळख. पण ही डॉक्टर आहे हे तुम्हाला कसं कळलं? मागं सांगितलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, सासरेबुवा या वयातही काम करतात म्हणजे कमाल आहे."

"हो," छापखानेवाले प्रसन्नपणे म्हणाले.

"मीच सांगितलं आत्ता," डॉक्टर घाईनं म्हणाली आणि फुलं घेऊन आत पळाली.

*

या घरात डॉक्टरकी आजोबांपासूनची. आजोबांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता, पण तो त्या खोलीत मावत नसे. पेशंट स्वयंपाकघरात येऊन पाणी पीत, आणि जेवताना आजोबा कुणाला मूळव्याध झाली आणि कुणाची बायको माहेरी गेली हे एका दमात सांगत. औषधांच्या बाटल्या भरायला त्यांनी सुनेला, म्हणजे आईलाच, बसवलं होतं. नातीनं मात्र डॉक्टर झाल्यावर घरापासून चार थांबे लांब दवाखाना काढला. घरचं कुणी पेशंट नाही आणि पेशंट कुणी घरचा नाही, असा तिचा नियम. आईला तिनं तिथं कामाला घेतलं नाही, आत्याच्या गुडघ्याला हात लावला नाही, भावाच्या सर्दीलाही दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला. आजोबा या नियमाला शिष्टपणा म्हणत.

आता शहाऐंशीव्या वर्षी आजोबांनी आपल्या पेशंटांवर पुस्तक लिहिलं होतं. नातीनं भांडून भांडून नावं गाळायला लावली, तर त्यांनी नावाच्या जागी 'कोपऱ्यावरचा बेकरीवाला' असं लिहून ठेवलं. कोपऱ्यावर बेकरी एकच होती. ते हस्तलिखित घेऊन आई गेले चौदा महिने छापखान्यात जात होती. ती मोठ्यानं वाचायची, छापखानेवाले समोरच्या कागदावर बोट फिरवत चुका शोधायचे. कागद समोर असला की त्यांचा एक शब्दही चुकत नसे. आणि मागच्या गुरुवारी आईनं जाहीर केलं होतं की रविवारी ते जेवायला येतील, आणि ते कशासाठी येतील हे तुम्हाला कळण्याइतके तुम्ही मोठे आहात.

*

भाऊ आईच्या बाजूचा होता. गुरुवारी सगळ्यांत आधी "छान!" म्हणाला होता तो तोच. तो गाडी चालवायला शिकवत असे, आणि बारा वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की आवाज चढवला की शिकणारा माणूस घाबरतो आणि गाडी खांबावर घालतो. त्यामुळे तो जन्माचा हळू बोलणारा झाला होता. जेवायला तो छापखानेवाल्यांच्या डाव्या हाताला बसला.

सूप झाल्यावर त्यानं मनातला प्रश्न अगदी सौम्यपणे विचारला. "मला बाकी काही नको. आईला मध्येच सोडून तर जाणार नाही ना?"

छापखानेवाल्यांना शेपूट तेवढं ऐकू आलं.

"जाणार की!" ते उत्साहानं म्हणाले. "दर उन्हाळ्यात जातो. महिनाभर तरी."

भावाचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला. शिकाऊ माणसाची गाडी उताराला लागली की तो असाच दाबला जाई.

"महिनाभर?"

"कधी दोन महिने. हवा बदलली की बरं वाटतं."

"आणि... परत येता?"

"नाही नाही, भात नको. पोट भरलं."

भावानं बहिणीकडे पाहिलं. बहीण खुर्चीतून उठली होती.

"आपण जागा बदलूया का?" ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांवर ऊन येतंय."

"कुठलं ऊन?" भाऊ म्हणाला. आकाश सकाळपासून भरून आलेलं होतं.

"येईल आत्ता. ऊठ."

तिनं भावाला उठवलं, आईला डावीकडे ढकललं आणि स्वतः छापखानेवाल्यांच्या उजव्या हाताला येऊन बसली. मग त्यांच्या कानाकडे झुकून टेबलावरचे चमचे वाजतील अशा आवाजात म्हणाली, "तो विचारतोय, आईला सोडून जाणार का?"

छापखानेवाले दचकले. "सोडून? छे छे! हे काय विचारणं झालं?"

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाली आणि सगळ्यांकडे पाहून हसली. कुणीच हसलं नाही. भावाच्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, हा माणूस दरडावलं की जबाब फिरवतो. दोन, ताईचं डोकं फिरलंय.

*

आत्या विरोध करायलाच आली होती. निवृत्त मुख्याध्यापिका. तिचा आवाज कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत असे. तिनं मुद्दे कागदावर उतरवून आणले होते. आपला भाऊ गेल्यावर वहिनीनं सतरा वर्षं हे घर सांभाळलं, म्हाताऱ्या दादांचं, म्हणजे आजोबांचं, केलं, हे सगळं तिला मान्य होतं. पण साठीला आलेल्या बाईनं पुन्हा लग्न करायचं म्हणजे काय?

"मी स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "सोबत हवी तर सोबत असावी. रोज भेटा, फिरायला जा, कोण अडवतंय? त्यासाठी सही-शिक्का कशाला?"

छापखानेवाल्यांनी चमचा खाली ठेवला. जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आख्खंच्या आख्खं वाक्य ऐकू आलं होतं.

"तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे," ते म्हणाले. "मी पण वर्षभर हाच विचार केला. पण गेल्या हिवाळ्यात मी न्युमोनियानं दवाखान्यात होतो. या रोज यायच्या. आणि रोज दारावरचा माणूस विचारायचा, तुम्ही त्यांच्या कोण? या रोज वेगळं नातं सांगायच्या. एकदा तर मावशी म्हणाल्या. मला वाटलं, यांना एकदाचं खरं सांगता यावं."

आत्याचा कागद हातातच राहिला. तीस वर्षं तिनं शिक्षकांपुढे, पालकांपुढे, नवऱ्यापुढे मुद्दे मांडले होते. कुणी मुद्द्याला धरून उत्तर दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिनं दुसरा मुद्दा काढला. त्यालाही नेमकं उत्तर आलं. तिसऱ्याला तर छापखानेवाले म्हणाले, "हा विचार मी केलाच नव्हता, बरं झालं तुम्ही सांगितलंत." आत्यानं कागदाची घडी घातली आणि भाजीचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माणूस समजूतदार आहे."

"अहो, पण दोन महिने निघून जातात ते," भाऊ पुटपुटला.

"मोठ्यानं बोल!" डॉक्टर खेकसली. मग छापखानेवाल्यांकडे वळून तितक्याच जोरात, "भात घेणार का? भात!"

आत्याला राहवलं नाही. "तू त्यांच्यावर ओरडतेस कशाला गं मघापासून? बहिरे आहेत का ते?"

डॉक्टरच्या हातातला भात वाढायचा चमचा हवेतच राहिला. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर ते खरं तरी झालं असतं किंवा खोटं तरी, आणि तिला दोन्ही चालणारं नव्हतं.

आईनं ताट पुढे सारलं. "तुला हे पसंत नाही, एवढंच ना? मग सरळ सांग. असं पाहुण्याला फाडून खाऊ नको."

"मला पसंत आहे, आई."

"मग हे काय चाललंय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"का नाही सांगू शकत?"

"तेही सांगू शकत नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. छापखानेवाले डॉक्टरकडे बघून प्रेमानं मान डोलावत होते, कारण त्यांना वाटलं भाताचंच चाललंय.

*

आजोबा टेबलाच्या टोकाला, खिडकीसमोर बसले होते. आत्तापर्यंत ते फक्त जेवत होते आणि बघत होते. सुनेच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी विषय बदलायचा म्हणून आपला आवडता विषय काढला.

"काय छापखानेवाले, पुस्तक कसं वाटलं?"

खिडकीचा उजेड आजोबांच्या तोंडावर होता, दाढी गुळगुळीत होती, आणि ओठ हलवून एकेक शब्द चावून बोलायची त्यांना सवय होती. छापखानेवाल्यांनी ते वाक्य डोळ्यांनी वाचलं.

"छान आहे. हसून हसून पुरेवाट झाली. पण एक विचारायचं राहिलंय. सव्विसाव्या प्रकरणानंतर एकदम अठ्ठाविसावं येतं. पानांचे आकडेही एकशे नव्वदवरून दोनशे तीनवर जातात. मधली बारा पानं कुठं आहेत?"

आत्याचा घास तोंडाशी थांबला. भावाचा पाय पुन्हा दाबला गेला. आई ताटाकडे बघत राहिली. डॉक्टरला पंख्याचा आवाज अचानक फार मोठा वाटला. छापखानेवाल्यांना यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. टेबल बोलतंय की गप्प आहे, यात त्यांच्या लेखी फारसा फरक नव्हता. ते आपले कामाचं बोलत राहिले.

"अनुक्रमणिकेत नाव आहे, 'माझा मुलगा' म्हणून. तेव्हा एक तर पानं द्या, नाहीतर अनुक्रमणिकेतनं काढून टाकतो. पुढल्या आठवड्यात छपाईला घ्यायचंय."

आजोबांनी हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"खणात आहेत," ते म्हणाले. "लिहून काढून ठेवलीत."

"दादा, राहू दे," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडे गेला नाही.

"नाही, विचारलंय तर सांगतो. सतरा वर्षांत कुणी विचारलं नाही." आजोबा छापखानेवाल्यांकडेच बघत बोलत होते. "तीन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होता. दुसरा कुणी खुर्चीत असता तर मी तासाभरात मोठ्या रुग्णालयात पाठवला असता. पण तो माझा मुलगा. लहानपणी तिखट खाऊन असाच पोट धरून बसायचा. मला वाटलं, मी ओळखतो याला. पित्ताचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी द्यायला तो नव्हता. ओळखीनं घात केला माझा."

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. आपला भाऊ एकाएकी गेला, एवढंच तिला आजवर माहीत होतं. डॉक्टरला माहीत होतं. तेव्हा ती वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. घरी येऊन तिनं औषधाची बाटली पाहिली होती, कुणाला काही विचारलं नव्हतं, आणि चार वर्षांनी चार थांबे लांब दवाखाना काढला होता.

"बाटली मी भरली होती, दादा," आई म्हणाली. "चिठ्ठी वाचून मला पण वाटलं होतं, पित्तच असणार. एकट्या तुमच्या अंगावर नका घेऊ."

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. काही बोलायला त्यांचे ओठ हलले, पण ते छापखानेवाल्यांनाही वाचता आलं नाही. त्यांनी फक्त हात पुढे करून आईच्या हातावर ठेवला.

मग छापखानेवाल्यांनीच विचारलं, "मग? छापायचं का?"

"छापा," आजोबा म्हणाले. "नावासकट छापा."

*

जेवण झाल्यावर आजोबांनी नातीला जुन्या दवाखान्याच्या खोलीत बोलावलं. खोलीत तपासायचं टेबल अजून होतं, त्यावर आता रद्दी असे. आजोबांनी दार लावून घेतलं. या खोलीचं दार लावलेलं डॉक्टरनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"डावा गेलाय," आजोबा कुजबुजले.

"काय?"

"काही बोलू नकोस. मी विचारत नाहीये. मान पण हलवू नकोस, तुझ्या मानेवरनं मला कळतं. तो तुझा पेशंट आहे की नाही हेही मला नकोय. मी आपलं हवेत बोलतोय."

डॉक्टर हवेकडे बघत उभी राहिली.

"टेबलावरच सांगणार होतो," आजोबा म्हणाले. "अगदी जिभेवर आलं होतं. आत्यानं बहिरा म्हटलं ना, तेव्हा. काय रंगलं असतं! मग तुझं तोंड बघितलं. आईला रडवलंस, स्वतः वाईट ठरलीस, पण ब्र काढला नाहीस. म्हटलं, पोरगी एवढं धरून बसलीये, तर आपण कशाला सोडायचं? गिळलं."

"बरं केलंत."

"बरं कुठलं! जड वाटतंय इथं." त्यांनी बरगडीवर हात ठेवला. "तू हे रोज कसं करतेस?"

"होते सवय."

"शहाऐंशीव्या वर्षी कुठली सवय होतेय." ते रद्दीचा गठ्ठा सरकवून टेबलावर टेकले. "हे बघ. हवेतच बोलतोय. असा कुणी तुझा पेशंट असेल आणि तो उद्या घरचा होणार असेल, तर त्याला दुसऱ्याकडं पाठव. चिठ्ठी लिही. हुशार आहेस तू, पण वर्षभरात तू पण त्याला ओळखायला लागशील."

त्या नियमाला शिष्टपणा म्हणणारे आजोबा हेच का, अशा नजरेनं डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, कारण दुसरं काय करावं तिला सुचलं नाही.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. आई आणि छापखानेवाले दोरीवरच्या कपड्यांपाशी उभे होते. छापखानेवाले काही तरी सांगत होते. एक हात कानाशी गेला, खाली आला, पुन्हा गेला. खिडकीशी आत्या आणि भाऊ आधीच येऊन थांबले होते.

"मोडतंय बहुतेक," भाऊ म्हणाला. "दोन महिन्यांचंच काढलं असणार."

"तू गप्प बस. चांगला माणूस आहे तो. हिनं ओरडून घालवला," आत्या म्हणाली.

"बाजूला व्हा दोघं," डॉक्टर म्हणाली आणि खिडकी लावून टाकली. "त्यांचं त्यांना बोलू द्या."

पाच मिनिटांनी आई आत आली. आत्याला आणि भावाला तिनं बाहेर पाठवलं, साडी खोचली आणि भांडी घासायला घेतली.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

"काय?"

"तू जे सांगत नव्हतीस ते."

"मी काय सांगत नव्हते, तेही मला सांगता येणार नाही."

आईचे खांदे हलायला लागले. आवाज मुळीच नव्हता. भांड्यातलं पाणी तेवढं हिंदकळलं. डॉक्टरला मंगळवारची दहा मिनिटं आठवली आणि तिनं पटकन पातेलं पुसायला घेतलं.

"वेडे आहात तुम्ही दोघंही," आई म्हणाली. "वर्ष झालं, मला ठाऊक आहे. औषधं द्यायच्या खिडकीवर मी एवढी माणसं बघितली, मला कळणार नाही? पहिल्या महिन्यातच कळलं. तेव्हापासून मी उजवीकडे बसते. आज तू ढकलून डावीकडे बसवलंस."

"मग तू बोलली का नाहीस?"

"ते कधी सांगतात त्याची वाट बघत होते." आईनं नळ बंद केला. "मी बोलायला लागले की ते हातातलं काम ठेवतात. माझ्या तोंडाकडे बघतात. एकेक शब्द पकडायला जीव टाकतात गं. निम्मे निसटतात, माहितीये मला. पण या घरात सगळ्यांचे कान चांगले आहेत, आणि मी बोलत असताना हातातलं काम कुणी ठेवलं होतं? सांग."

डॉक्टरनं पातेलं ओट्यावर ठेवलं. फडकंही ठेवलं. आईकडे तोंड करून उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली.

"आत्ता काही नाही बोलायचं," आई म्हणाली. "पण ठेवलंस ते बरं केलंस."

बाहेर छापखानेवाल्यांनी सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं होतं. भावानं उजव्या बाजूला जाऊन, आयुष्यात कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून, उन्हाळ्याचा खुलासा मागितला. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार, असं उत्तर मिळालं. आत्यानं मात्र, आपलं सगळं बोलणं त्यांना पटलं होतं की नुसतं ऐकू आलं होतं, हे विचारायचं टाळलं. आजोबा हे सगळं ऐकून कमालीचे मोकळे झाले. "मला मघाशीच कळलं होतं," असं ते संध्याकाळपर्यंत अकरा वेळा म्हणाले.

*

सोमवारी सकाळी छापखानेवाले वेळ घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरनं चिठ्ठी तयार ठेवली होती. दोन गल्ल्या पलीकडे कानाचे चांगले डॉक्टर होते, त्यांच्या नावानं. चिठ्ठीवर सगळं नीट होतं. तपासणी, चाचणीचे आकडे, मशीनची शिफारस. पेशंट दुसरीकडे का पाठवत आहात, या ओळीसमोर तिनं आधी 'वैयक्तिक कारण' लिहिलं होतं, ते खोडलं होतं, आणि मग दोन शब्द लिहिले होते.

छापखानेवाल्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. खिसे चाचपले.

"चष्मा छापखान्यात राहिला. काय लिहिलंय?"

"की मी यापुढे तुम्हाला तपासणार नाही."

"मंगळवारी? मंगळवारी येतो की."

"मंगळवारी नाही! कधीच नाही!" डॉक्टर म्हणाली. "तुम्ही आता माझे पेशंट नाही!"

छापखानेवाल्यांचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का? आईनं काही..."

"चुकलं काही नाही!"

"पण मग मला घालवताय का?"

कालपासून डॉक्टरनं फार गोष्टी धरून ठेवल्या होत्या. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आली, आणि तेरा वर्षांत त्या दवाखान्यात कधी कुणी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणाली, "कारण तुम्ही माझ्या आईशी लग्न करताय! तुम्ही आता घरचे आहात! घरचे!"

आता त्यांना ऐकू आलं. चिठ्ठीची चार पदरी घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली, खिशावरून दोनदा हात फिरवला, आणि उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवू का नको अशा विचारात अर्ध्यात थांबले. डॉक्टरनंच मान थोडी खाली केली.

ते गेल्यावर तिनं पुढच्या पेशंटसाठी दार उघडलं. बाहेर बाकावर सात माणसं बसली होती आणि सातही जण भिंतीवरची जाहिरात फार लक्ष देऊन वाचत होते. दारावरची बाई नोंदवहीत डोकं खुपसून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

गुडघेदुखीवाल्या आजींचा नंबर होता. त्या काठी टेकत आत आल्या, खुर्चीत बसल्या, पाय पुढे केला. मग राहवेना म्हणून म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तारीख काय धरलीये?"

या दवाखान्यात असल्या प्रश्नाला डॉक्टर उत्तर देत नसे. आजींनाही ते ठाऊक होतं. त्या पाय मागे घेणारच होत्या.

"अजून ठरायचीये," डॉक्टर म्हणाली. "गुडघा दाखवा."